तोतऱ्याचा हात

सोमवार
आजपासून मुक्काम लेकाच्या घरी. तो तारमास्तर. पुढच्या खोलीत तारऑफिस, मागच्या दोन खोल्यांत संसार. सून कामाची आहे, बोलते कमी, म्हणजे आमचं जमेल. नात अजून रांगत नाही, पण माझा चष्मा ओढायला शिकली. माझी अक्षरं वाकडी येतात. वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

मंगळवार
लेकाचं काम बघितलं. यंत्र टकटक करतं, हा ऐकून मजकूर उतरवतो. पलीकडच्या गावच्या मास्तराला यानं जन्मात पाहिलेलं नाही, पण हात ओळखतो म्हणे. माणसाला आवाज असतो तसा तारेवर हात असतो. त्या मास्तराचा हात मधेच अडखळतो, म्हणून हा त्याला तोतऱ्या म्हणतो. रिकाम्या वेळी दोघांच्या गप्पा चालतात. मी म्हटलं, एवढं बायकोशी बोलला असतास तर ती मुकी झाली नसती. सून तोंड फिरवून हसली.

बुधवार
तिन्हीसांजेला आभाळ रक्तासारखं लाल झालं. शेजारीण आग आग म्हणत बादली घेऊन धावली. धूर कुठेच नाही. तारेतून ठिणग्या उडाल्या, यंत्राजवळचा कागद पेटला. लेक सांगतो, सूर्यावर वादळ झालंय, त्याची वीज इथवर आली. वादळ तिकडे, राख झाडायला मी.
त्यानं बॅटरी सोडवून ठेवली. तरी यंत्र वाजतच राहिलं. पलीकडून तोतऱ्या बोलत होता. नुसत्या सूर्याच्या विजेवर गप्पा झाल्या म्हणून लेक पोरासारखा खूश.

गुरुवार
दुपारी टपालगाडीवाला आला. म्हणाला, पलीकडचा मास्तर काल पहिल्याच ठिणगीला गेला. हात यंत्राच्या बटणाला चिकटला होता, सोडवावा लागला.
हे तो सांगत असतानाही आमचं यंत्र वाजत होतं. अडखळत.
लेक पांढरा पडला, तरी उत्तरं देत बसला. काय म्हणतो, विचारलं. अंधार आहे म्हणतो. तुझ्या घरात कोण कोण आहे, विचारतो. तू सांगितलंस? लेकानं मान खाली घातली.

शुक्रवार
आभाळ अजून लाल. लेक जेवला नाही. नातीला खांद्यावर घेऊन थोपटत होता. दोन थापा नीट, तिसरी अडखळून. पोर रडत नव्हती. डोळे टक्क उघडे. मी हिसकावून घेतली.
मग हाताला घोंगडं गुंडाळलं, ऑफिसातली पक्कड घेतली आणि तार तोडली. यंत्र गप्प.

शनिवार
आभाळ निवळलं. पण लेकाची बोटं थांबत नाहीत — ताटावर, भिंतीवर, सुनेच्या मनगटावर. आता कोणाशी बोलतोस, विचारलं. म्हणाला,
"आई, तो म्हणतो, म्हातारीनं ब-बरं केलं. तारेला बांधलेला होतो."
माझा लेक बोलताना कधी अडखळला नाही.

रविवार
लेकाला ऑफिसात कोंडलंय. सून गाडी आणायला गेलीय, पोरीला घेऊन माहेरी जाते म्हणाली. जा म्हटलं. पोर माझ्या खांद्यावर. एका हातानं लिहिते.
आत लेक एकदम गप्प. बोटंही नाहीत. सुटला वाटतं — की त्याला सोडून —
पाठीवर काहीतरी. पोरीचा हात. लहान मुलं थोपटतात, आपलं बघून —
अडखळला.
सून आली. दार वाजवतेय, पोर द्या म्हणते. देऊ कशी, ही आता —