तळघरातलं पाणी

माझ्या लाडक्या ब्रोनियाला,

देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे.

तर परवा फाटकातून शिरली एर्ना, मागून तिचा जावई. जर्मन म्हातारी, पण कडी न बघता उघडली! लढाईनंतर जर्मनांना हाकलून सरकारने आम्हाला इकडे आणून ज्या घरात बसवलं, ते हिच्या बापाचं. आमचे झिग्मुंतराव कुजबुजले, "घर मागायला आली बघ."

तिने मात्र तळघर दाखव म्हटलं. खाली उतरून कपाळावर हात मारला. पाणी येतं म्हणून इतकी वर्षं आम्ही दगड टाकून जो बुजवत आलो, तो डोंगरातला झरा होता! बापाने दूध गार ठेवायला मुद्दाम घरात घेतलेला.

"अगं बाई, झराच पुरलास की!" तिचं बोलणं जावई आपल्या भाषेत सांगत होता.

"मग जाताना सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

हसून हसून दोघींचे डोळे ओले झाले गं. दगड काढले, नातवंडं पाण्यात नाचली. मी खूश आहे, पण झोप येत नाही.

तू तिकडेच मागे राहिलीस, म्हणून विचारते, आपल्या जुन्या घरात आता कोण राहतं? उत्तरेचा वारा सुटला की चुलीचा धूर घरभर होतो, हे त्यांना सांगितलंस का?

एर्ना संत मिखाइलच्या सणाला परत येते म्हणाली. झिग्मुंतराव विचारतात, "बघायला की राहायला?"

तुझीच,
एमिलिया