सासूबाईंची खाट दुकानाच्या फळ्यावर

१२ एप्रिल १९७८
पुन्हा तेच! ह्यांनी दुकानाच्या फळ्यावर आज काय लिहायला लावलं — "शीतल हवा, स्वर्गीय विसावा! वाळ्याच्या ताट्या व कूलर वाजवी दरात." कालही हेच. परवाही हेच. आमच्यासमोरून अख्खा सदर बाजार जातो, एक मान वळत नाही. समोरच्या नव्या कूलरवाल्याने रिक्षावर भोंगा बांधलाय, तो दिवसभर कोकलतो. असाच उन्हाळा गेला तर पावसाळ्यात दुकानाला कुलूप.
अक्षर बरं म्हणून खडू माझ्या हातात. डोकं मात्र ह्यांचं!

१३ एप्रिल
तेच. "स्वर्गीय"खाली दोन रेघा मारायला लावल्या.

१५ एप्रिल
हे वाळा आणायला गेले होते. वैतागून फळा पुसला आणि घरचंच लिहून टाकलं. गेल्या उन्हाळ्यातलं. बाबी नुकतीच झाली होती, मी कूलरसमोरच्या खोलीत बाजेवर, तेव्हाचं —
"आमच्या सासूबाई म्हणायच्या, कूलरची हवा हाडात शिरते, घरात नको. तरी लावला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची खाट ओढत नेली आणि कूलरच्या तोंडाशी टाकली! उन्हाळाभर हलल्या नाहीत. मग पावसाळाभर गुडघे धरून कूलरला शिव्या!"
एक सायकलवाला थांबला. मग आणखी दोघं. हसत होते! एक बाई थेट आत — "माह्या सासूलेबी असाच दाखवा ना एक." घेऊनच गेली.

१७ एप्रिल
ह्यांना आता भलताच चेव. "आईचंच लिहीत जा वं रोज. लोकं विचारून राहिले, खाटेचं पुढे काय झालं!" मी म्हटलं, तुमचं घोरणं लिहिते. 
मग ह्यांनी स्वतःच लिहायला घेतलं — "आमचे कैलासवासी वडील अत्यंत सचोटीचे होते." कोण थांबणार? अहो, सचोटी नको, त्यांची फजिती सांगा! लोकांना आधी माणूस दिसू द्या, मग माल. सांगून सांगून घसा कोरडा पडला. आणि हेच गृहस्थ शेजारच्या फोटोवाल्या विश्वनाथला शिकवत होते, "घरातली गोष्ट लिहा भाऊ, गिऱ्हाईक धावत येते." जसं काही ह्यांनाच सुचलं!

२० एप्रिल
घरी कळलं. भाजीवाली भागीरथा दारात येऊन सासूबाईंना म्हणाली, "काहो बायजाबाई, खाट कुठी हाय तुमची? सदरात लय गाजून राहिली!"
सासूबाई मला एवढंच बोलल्या, "माही खाट चवाट्यावर नेऊन टाकली तू." तेव्हापासून शब्द नाही. बाबीला सांभाळतात, पण माझ्या हातून घेताना तोंड फिरवतात. उद्या पोरीला ठेवून घ्यायला नाही म्हणाल्या तर माझं दुकान संपलंच. आणि खोटं का बोलू — त्यांची बडबड नसली की घर खायला उठतं.
पण असं काय आभाळ कोसळलं? हसण्यासारखं होतं, लोक हसले!

२४ एप्रिल
खाट अंगणात, निंबाखाली नेली! बाहेर भट्टी पेटलीय, आत कूलर चालू आहे, आणि ह्या बाहेर. नुसता हट्ट. सून छळते असं गल्लीला दाखवायचंय. हे म्हणतात, "तूच समजाव आईले." रोज लिही म्हणणारे हे, समजवायचं मी!

२५ एप्रिल
दुपारी शेवटी भांडलेच. म्हटलं, "आई, गेल्या साली कूलरपुढून हलत नव्हतात. यंदाच काय झालं?"
बाबीला थोपटत होत्या. मान वर केली नाही.
"तवा तू वल्ली बाळंतीण होती. त्याची हवा थेट तुह्या अंगावर येत होती. म्हून मधात खाट टाकली म्या. आता तुले काय धाड भरली? मंग मी कायले खाऊ ते थंड वारं?"
 मी म्हटलं, उद्या फळ्यावर खरं ते लिहिते.
"खबरदार! ते घरातलं हाये."
गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि बाबीला माझ्याकडे दिलं.