मांडीवरचा फोन

अब्बा,

अहेरीच्या बाजारात आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. आता मी आरोग्य खात्यात आहे, आतल्या गावांमधल्या आशाताईंची बैठक दर महिन्याला मीच घेते. आणि गेला महिनाभर मला दुकानातली एक दुपार सारखी आठवते आहे. मी गल्ल्यामागे बसून गृहपाठ करते आहे. एक म्हातारी विचारते, घड्याळ कधी भेटन? मान वर न करता मी म्हणते, उद्या. तुम्ही डोळ्यावरचं भिंग काढता, माझी वही मिटता. "माणूस बोलून राह्यला ना बेटा, आधी त्याच्याकडं पाह्य." मग तिला सांगता, चार दिवस लागतील. मला लाज नव्हती वाटली, रागच आला होता.

बैठकीत फोन बंद ठेवायचा हा नियम माझाच. आल्या आल्या सगळ्याजणी फोन पिशवीत टाकतात. माझा मात्र टेबलाखाली, मांडीवर असतो, कारण बैठकीचा फोटो ग्रुपवर वेळेत पडला नाही की साहेबांचा फोन येतो. गेल्या बैठकीत फोटो जातच नव्हता. नाल्यापलीकडच्या गावची आशाताई उभी राहून काही सांगत होती. गाडी एवढा एकच शब्द माझ्या कानावर आला. मी "हो, पाठवते" म्हटलं. तिचा चेहरा मोकळा झाला, ती खाली बसली. तेवढ्यात फोटो गेला.

शुक्रवारी बैठकीचं इतिवृत्त लिहायला घेतलं आणि तिच्या गावापाशी हात थांबला. ती काय म्हणाली होती? शेजारच्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नववा महिना लागलेली बाई आहे, पायाला सूज, चक्कर येते, गुरुवारसाठी गाडी मागितली होती. तुम्हीच हो म्हणालात ना? मी आशाताईला फोन लावत राहिले, लागेना. गाडी काढली. गाव जवळ आलं तसं मला तिथं पोचूच नये असं वाटायला लागलं.

बाईला त्यांनी गुरुवारीच खाटेवर घालून नाल्यापार नेलं होतं, तिथून ट्रॅक्टरनं दवाखान्यात. रस्त्यात झटके आले. बाळंतीण वाचली. मूल काचेच्या पेटीत होतं, पण होतं. आशाताई नुकतीच परतली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मी येताना तिचं सगळं बोलणं ऐकून घ्यायची तयारी केली होती. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, तुमचा फोन लागला नसन. इथी रेंजच नाई ना. म्हणून गाडी राह्यली असन."

मी मान हलवली, अब्बा. हो म्हटलं.

मूल परवा घरी आलं. उद्या पुन्हा बैठक आहे, ती येईल. फोन मी कपाटात ठेवणार आहे, ते सोपं आहे. या ओळीच्या जागी आधी 'उद्या तिला खरं सांगेन' असं लिहिलं होतं. ते मी खोडलं.