टॉलिव्हर घाटाची बोट आणि माझी चीजवस्तू

मी, अर्डिथ पोलमन, कै. क्लेमंट पोलमन यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार टॉलिव्हर घाट, केंटकी, नदीचा अलीकडचा काठ, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खरं सांगायचं तर ती सकाळी जास्त शाबूत असते. दुपारी नर्सबाई पोटदुखीचं औषध पाजतात आणि मी पलंगासकट तरंगायला लागते. वकील म्हणाले, "बाई, लिहायचं ते सकाळीच लिहा." मी मान डोलावली. तरी एखादं कलम दुपारचं निघालंच, तर तेही माझंच समजावे.

कलम पहिले. राहते घर, मागच्या सफरचंदाच्या झाडांसकट, माझी पुतणी जोएलन हिला द्यावे. जोएलनला जूनमध्ये बाळ व्हायचं आहे. इस्पितळ नदीपलीकडे आहे. मोटारी पलीकडे नेणारी आपली बोट चालू असली, तर कॉफीचा कप गार व्हायच्या आत माणूस पलीकडे पोचतं. बोट बंद झाली तर डोंगरातून वळसा घालून पुलापर्यंत जायचं आणि तेवढंच पलीकडून परत यायचं. पोटातलं बाळ काही तेवढं थांबत नाही. जोएलन स्वतः त्याच बोटीवर, नदीच्या मधोमध जन्मली. सुईण मीच होते, आणि दुपटं म्हणून क्लेमंटचा कोट होता.

ही बोट परवडत नाही, बंद करा, असं राज्याच्या राजधानीत ठरत आलं आहे. बारा एप्रिलला तिथली समिती शेवटची सुनावणी घेणार आहे, आणि जो येईल त्याचं ऐकणार आहे. डॉक्टरांच्या मते मी तोवर नसेन. मरणाचं मला फारसं काही वाटत नाही, पण ती तारीख चुकते याचा फार राग येतो.

कलम दुसरे. क्लेमंटची मासेमारीची जाळी, गळ आणि रबरी बूट जोएलनच्या नवऱ्याला द्यावेत. बूट त्याला मोठे होतील. मोजे घालावेत.

कलम तिसरे. माझे दीर हार्लन पोलमन यांना त्यांची शिडी परत द्यावी. बाकी काही देऊ नये. गेल्या वर्षी आम्ही गावातल्या बागकामाच्या महिला क्लबच्या बायका बोटीसाठी राजधानीला निघालो, तेव्हा हे धक्क्यावर उभं राहून सगळ्यांदेखत ओरडले, "वहिनी, कायदा लाटायला निघालात, लाटणं घेतलंत का?" लोक हसले. मीही हसले, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

कलम चौथे. पाय, म्हणजे आमचा तो फळं भरलेला गोड पदार्थ, भाजायची सर्व भांडी चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावीत, आणि त्यांतलं एकही आमच्या महिला क्लबच्या कुणी राजधानीला नेऊ नये. याचं कारण लिहून ठेवणं भाग आहे. आम्हा बायकांना कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायची सवय नाही. म्हणून गेल्या वर्षी समितीसमोर आम्ही पाच जणी सफरचंदाचे, पीचचे पाय घेऊन गेलो. साहेबांनी बोटं चाटली. अध्यक्षांना त्यांची आई आठवली, डोळे पाणावले. फोटो निघाले. मग कुणीतरी घड्याळ बघितलं आणि आमचा विषय पुढल्या वर्षावर गेला. बोटीबद्दल आम्ही चकार शब्द बोललो नव्हतो! परतीच्या वाटेवर आमच्या क्लबच्या अध्यक्ष व्हर्ना स्टॅम्पर म्हणतात कशा, "काही का असेना, माझा पीचचा आधी संपला." तेव्हा यंदा रिकाम्या हाताने जावे. हात रिकामे असले की तोंड उघडतं.

कलम पाचवे. हे दुपारचं आहे, वकिलांनी क्षमा करावी. खिडकीबाहेर धुकं आहे आणि बोट धक्क्याला लागली आहे. तिच्यावर आमचा क्लब बसला आहे, हयात आणि गेलेल्या सगळ्या जणी, टोप्या घालून, मांडीवर कपबशा घेऊन. माझी आई साखर फिरवते आहे. पाणी अगदी संथ आहे. क्लेमंट काठावर दोर सोडून उभा आहे आणि कुणीतरी "चला" म्हणायची वाट बघतो आहे. पण आमच्या क्लबचा नियम आहे, चहाच्या टेबलावर राजकारण नाही. म्हणून सगळ्या गुलाबांबद्दल बोलताहेत, गोड आवाजात, आणि बोट जागची हलत नाही. मला फार बरं वाटत होतं तिथे. उठावंसं वाटेना. या कलमान्वये कुणाला काही देणे नाही.

कलम सहावे. बँकेतल्या शिलकीतून बारा एप्रिलसाठी मोठी बस ठरवावी. उरेल ते जोएलनच्या बाळाला.

कलम सातवे व शेवटचे, माझ्या अंत्यविधीबद्दल. आमच्या गावात कुणी गेलं की अख्खा क्लब हजर असतो. बर्फ पडो, कंबर धरो, काळा पोशाख चढवून साठ-सत्तर बायका येतात. सुनावणीला पाच येतात. म्हणून माझी स्पष्ट इच्छा अशी की, बारा एप्रिलपर्यंत मला पुरू नये. अंत्यविधीवाल्यांकडे थंड खोलीत ठेवावे. मला घाई नाही. माझा अंत्यविधी त्या दिवशी सकाळी दहा वाजता, राजधानीत, समितीच्या दालनात आहे असे समजून सर्वांनी यावे. फुलं आणू नयेत. जी तिथे येईल, ती माझ्या मातीला आली. जी येणार नाही, तिने नंतर थडग्यापाशी येऊन डोळे पुसू नयेत. त्यानंतर मला बोटीनेच पलीकडे न्यावे आणि क्लेमंटशेजारी ठेवावे.

समितीपुढे व्हर्ना स्टॅम्पर यांनी बोलावे.

हे कलम मी आज सकाळी व्हर्नाला वाचून दाखवलं. पुढचं संभाषण वकिलांच्या सल्ल्याविरुद्ध इथे लिहीत आहे.

"अगं बाई, मी?" ती म्हणाली. "मला नाही जमायचं. चार लोकांसमोर मला बोलता येत नाही. आणि आपण बागेच्या बायका, आपल्याला कायद्यातलं काय कळतंय?"

"बाळंतपणातलं कळतं ना? तेवढं पुरे आहे."

"तू बोलली असतीस तर गोष्ट वेगळी."

"मी नसेन गं. आणि काय म्हणालीस, बोलता येत नाही? या गावात तीस वर्षं प्रत्येक थडग्यापाशी कोण बोलतं? म्हाताऱ्या ट्रिपलेटच्या वेळी तर त्याचे सावकारसुद्धा रडले होते."

"ते वेगळं. तिथे माणूस गेलेलं असतं. आपोआप येतं तोंडात."

"मग माझ्यासाठी बोलणार होतीस ना काहीतरी?"

तिने माझ्या पांघरुणाची घडी सारखी केली. मग म्हणाली, "ठरवून ठेवलंय." आणि रडायलाच लागली.

"तेच तिथे बोल. माझ्याबद्दल एक वाक्य बोल, जोएलनबद्दल दहा. पण तुझ्या त्याच आवाजात."

तिने माझाच रुमाल घेऊन नाक पुसलं. उठून खिडकीशी गेली. बोट पलीकडे चालली होती, वर दुधाची एकच गाडी होती. मग एकदम वळून म्हणाली, "आणि तू चिवट आहेस. बारा एप्रिलला जिवंतच असलीस तर? सत्तर बायका काळे कपडे घालून जमवायच्या आणि तू आपली पलंगावर सूप पीत बसणार?"

"तर मला चाकाच्या खुर्चीत घालून ने. पहिल्या रांगेत बसव. मी डोळे मिटून बसेन, हूं की चूं करणार नाही. तू आपली मी मेलेय असं समजून बोल."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, सकाळच्या वेळी त्यावर सही केली आहे. व्यवस्थापक म्हणून वकील रॉस्को ब्लेव्हिन्स यांना नेमते.

सही: अर्डिथ पोलमन

साक्षीदार, दोघांनाही या मृत्युपत्रान्वये काही मिळत नाही:
१. ओपल कॉडिल, नर्स
२. ड्यूई स्किडमोर, बोटीचे चालक (सहीपुरती बोट धक्क्याला बांधून आले, पलीकडे एक मोटार खोळंबली आहे)

स्थळ: टॉलिव्हर घाट
दिनांक: १७ मार्च १९८८