चुलीवरचा दर्या

आये, आज सकाळी शेजारची सून परसात बसून हात शेकत होती. कालवं फोडताना शिंपला लागला म्हणे. पुढ्यात पातेलं, त्यात खाडीचं पाणी, उकळून कोमट केलेलं. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं गो तुला?" तर मान वर न करता म्हणते, "आमच्यात पूर्वीपासून असंच करतात." पूर्वीपासून! मला हसू आवरेना. ते पहिलं पातेलं तुझ्या चुलीवर चढेपर्यंत मला किती घाम फुटला होता, हे तिला काय ठाऊक. सूज आली तर लगेच डॉक्टरकडे जा, असं तिला बजावलं, घरी आलो आणि तुला लिहायला बसलो.

मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं. वैशाखातली मोठी ओहोटी, पूर्णगडच्या किल्ल्याखालचे खडक उघडे पडलेले, आणि तू कोयती घेऊन कालवं काढायला गेलेलीस. अंगठ्याखाली कापलं, चांगलं खोल. मग तू आपल्याकडच्या सगळ्या बाया करायच्या तेच केलंस. हात खाडीत बुडवून धरलास. दर्यानं कापलं, दर्याच भरून काढील. त्यानंतर रोज संध्याकाळी जाऊन बुडवायचीस. मी तेव्हा पावसला दवाखान्यात नुकता कंपाउंडर लागलेलो. सुट्टीला घरी येतो तर काय, हात मनगटापर्यंत सुजून काळानिळा, वर पाण्याचे फोड, अंगात ताप, आणि तू डाव्या हातानं भाकरी थापते आहेस! "बरा होतोय रे," म्हणालीस. मी असा ओरडलो की पडवीतला कुत्रा उठून गेला.

तुला बैलगाडीत घालून नेलं. डॉक्टरांनी हात चिरून घाण काढली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, उतार पडला नाही तर हात कोपरापासून काढावा लागेल, नाहीतर बाईच जाईल. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुझ्या जखमेतलं पाणी दाखवलं, आणि त्याच्याशेजारी खाडीचं. दोन्हीकडे तेच. वाकड्या जिऱ्यासारखे जीव, नुसती वळवळ. उन्हाळ्यात पाणी तापलं की हे माजतात, म्हणाले, पटकीच्या जंतूचीच भावंडं दिसतायत. माझ्या तोंडून शिवी गेली. तर ते हसले. "शिव्या देऊ नकोस त्यांना. तुमच्या बाया मासळीची आतडी पाण्यात टाकतात, ती कुठे जातात? असलेच जीव खाऊन टाकतात. ते नसते तर खाडीच्या काठाला तुम्हांला उभं राहवलं नसतं. पाण्यात ते कामाचे, माणसाच्या अंगात नकोत, एवढंच." जखम उकळलेल्या मिठाच्या पाण्यानं दिवसातून तीनदा धुवायची, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

पण घरी आल्यावर तू ऐकशील तर ना! "विहिरीच्या पाण्यात मीठ टाकलं म्हणून त्याचा दर्या होतो काय?" बरं बाई, मग दर्याचंच पाणी उकळ, डॉक्टर त्यालाही हो म्हणालेत. तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी देव्हाऱ्यातला देव चुलीत घालायला सांगितला. "तुझा बापूस दर्यावर, आणि मी दर्या चुलीवर ठेवू?"

"अगो आये, गावोगाव लोक मिठासाठी उकळतायत. त्यांना काय झालं?"

"त्यांचे घो नाय जात दर्यावर."

कपाळ माझं! मी रागावलो, हात जोडले, अडाणी म्हणालो. तू म्हणालीस, "जाऊ दे हात. माझा हाय." आणि तोंड फिरवून बसलीस. तुझ्या त्या हातानं मला वाढवलेलं, आये. तो असा सहज देऊन टाकतेस म्हणून मला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी आणखीच ओरडत होतो.

बाबा तिन्हीसांजेला आले. जाळं टाकून उंबऱ्यावर बसले, सगळं ऐकून घेतलं. तू एवढंच कबूल केलंस, ते घरी असतील तेव्हा ठेवीन. "मी घरी असेन तेव्हाच ठेवशील, तर तीनदा कसं व्हायचं? होडी काय दारात बांधून ठेवू?" म्हणाले, आणि कळशी उचलून चालू लागले. मी मागून गेलो. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून काहीतरी पुटपुटले, कळशी भरली आणि घरी येऊन स्वतः चुलीवर पातेलं चढवलं. "काय सांगितलंत त्याला?" तू घाबरत विचारलंस. "म्हटलं, बायकोचा हात पायजे. राग आलाच तर माझ्यावर काढ. दर्याचं नि माझं मी बघून घेईन. तू उद्या बिनघोर पाणी ठेव."

दुसऱ्या दिवशी पहाटे होडी गेली. तू चुलीपुढे बसलीस. डाव्या हातानं पातेलं ठेवलंस, जाळ घातलास. शेजारीण डोकावली, "काय गो, मीठ करून तुरुंगात जातेस काय?" एरवी तू तिला चार शब्द सुनावले असतेस. त्या दिवशी तुझे नुसते ओठ हलत होते. पाण्याला कढ आला तशी तू डोळे मिटलेस.

बाबा आले. भरपूर बांगडा घेऊन आले, आणि तू त्यांना इतका उशीर का म्हणून झापलंस. हात हळूहळू उतरला. अंगठा तेवढा पुरता कधी वळला नाही, तरी पुढच्या वर्षी तू पुन्हा खडकावर. डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तेव्हा म्हणालीस, "एवढे कामाचे जीव, मग उकळून मारायचे कशाला?" मी म्हटलं, दर्यातले राहू देत, पातेल्यातले मेले तर चालतील. हसलीस. मग वाडीतल्या बाया तुझा हात बघायला यायच्या आणि जाताना विचारायच्या, पाणी किती वेळ ठेवायचं गो? आता नवी औषधं आली, डॉक्टर त्या जंतूंना नावानिशी ओळखतात. पण आपल्या वाडीत नुसता दर्या जखमेवर कोणी घेत नाही. तुझ्या धास्तीतून आलेली गोष्ट "पूर्वीपासून"ची झाली, याचा मला फार आनंद आहे.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे धाडायचं तरी कुठे? घडी करून ठेवतो. फक्त एक राहिलं. त्या पहाटे पाण्याला कढ आला तसा मी "दवाखान्यात जातो" म्हणून निघालो ना? गेलो नाही, आये. किल्ल्याखाली उभा होतो, बाबांचं शीड दिसेपर्यंत.