नाकाची खात्री

अंधेरी, रविवार दुपार

प्रिय आई,

येशू तुला सुखात ठेवो. आम्ही तिघं मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

एक गोष्ट आता सांगायला हरकत नाही. पावसाळ्यातल्या तापानंतर मला कशाचाच वास येईनासा झाला होता. तू काळजी करशील म्हणून फोनवर बोलले नाही. डॉक्टर म्हणत, येईल परत. मला वाटायचं, कायमचा गेला.

काल तुझ्या मसाल्याची नवी बाटली उघडली आणि एकदम आपलं मे महिन्यातलं अंगण दिसलं. बायका गात मसाला कुटतायत, तू काडीने तो बाटल्यांत ठासतेयस, मी आणि धाकटा डेल्रॉय शिंकत शिंकत हसतोय. मी ओट्यापाशीच रडले. मग शंका आली, हा वास खरा की नुसती आठवण?

तुझ्या जावयाला म्हटलं, मी डोळे मिटते, तू नाकाशी काहीही धर.

"तुला आनंदालाही पुरावा लागतो ना," ग्लेनरॉय म्हणाला. मी कॉफी ओळखली. लसूण ओळखला. मग म्हटलं, "शी, मोजा आहे तुझा." आमची ॲमांडा टाळ्या वाजवत सुटली.

आज चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर वर्सोव्याला गेले. बोंबील वाळत घातले होते. लोक नाक दाबून भराभर पुढे जात होते. मी अगदी सावकाश चालले, आई.

बाबांना सांग, आणि तूही निवांत झोप.

तुझीच,
व्हॅलेन्सिया