उरेब थर

पनवेल,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय स्वानंद,

तुझं पत्र मिळालं. आठ वर्षांनी आठवण झाली, तीही फोटोची. तू बनवलेला कॅलिपर पायाला लावून मी हसत चालतेय, तो फोटो तुला कॅलिपर वाटपाच्या शिबिराच्या पत्रकावर हवाय. मिळणार नाही. आईने तो बंबात घातला, मी अडवलं नाही.

माझ्या पोलिओच्या पायातलं लोखंड तुला बघवेना, म्हणून काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन घेऊन तू आमच्या पडवीत नवा कॅलिपर घडवायला बसलास. कापड उभं-आडवं ओढलं तर हलत नाही, कोपऱ्यातून ओढलं की वेडंवाकडं होतं, म्हणून पीळ सोसायला तिरपे थर हवेत, हे तू माझ्याच ओढणीवर दाखवलंस. मी म्हटलं, म्हणजे आमची ब्लाउजची उरेब पट्टीच की! केवढा हसलास. या माणसाबरोबर जन्म सुखात जाईल, असं वाटलं मला तेव्हा. पुढे कॉलेजच्या प्रदर्शनासाठी कॅलिपर हलका व्हावा म्हणून तेच उरेब थर तू आराखड्यातून काढून टाकलेस. भार देऊन पाहिलास, टिकला. पिळून पाहिलास, टिकला. दोन्ही एकदम कधी पाहिलं नाहीस. बक्षीस मात्र मिळालं.

तुझ्या आई लग्नाची तारीख काढायला आल्या, तेव्हा नळ आला होता. कडेवर भरली कळशी घेऊन मी आत निघाले. मागून त्यांनी हाक मारली, ‘कुमुद, बघू गं इकडे.’ मी वळले. भार होताच, वर पीळ पडला. कॅलिपर शिवण उसवावी तसा फाटला आणि माझा खुबा मोडला. तू आधी तुकडे उचललेस, मग मला. वर आईंना म्हणालास, ‘हिने एकदम वळायला नको होतं.’ लग्न मोडायला तेवढं पुरलं. त्यांचा राग नाही मला, तुझा आहे. अजून आहे.

रविवारी पहिला कॅलिपर कोन गावच्या वीटभट्टीवरच्या चिंगीला देणार आहेस. ती माझ्या बालवाडीत धाकट्या भावाला सोडायला येते. ‘ताई, मंग मी पन पलनार ना?’ असं रोज विचारते. जुनाच आराखडा, तितकाच हलका, असं तू अभिमानाने लिहिलंयस, म्हणून हे पत्र. सोबत माझ्या कॅलिपरचे, तू इथेच टाकून गेलेले तुकडे पाठवतेय. आधी उरेब थर घाल. मग तिला व्यासपीठावर सरळ चालवून टाळ्या घेऊ नकोस. भावाला तिच्या कडेवर दे, आणि मागून हाक मार.

एके काळी तुझीच म्हणवलेली,
कुमुद